तिचं लिहून होईपर्यंत

आमच्या सोसायटीच्या बागेतला झोका करकरत असे. रोज सकाळी, शाळेच्या बसेस यायच्या आधी, तो आवाज चौथ्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत यायचा आणि थेट दातांच्या मुळाशी जाऊन बसायचा. बाबा निवृत्त झाले आणि दिल्लीतल्या आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही द्वारका उपनगरात आलो. आईला मोकळं स्वयंपाकघर मिळालं, बाबांना मेट्रोचं स्टेशन जवळ मिळालं आणि मला हा आवाज मिळाला. कानात बोळे घालून पाहिले, खिडकीला जाड पडदा लावून पाहिला. शेवटी आईच्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली उचलली आणि खाली उतरले. समस्या घर्षणाची, उपाय वंगणाचा. याहून गुंतागुंतीचा विचार मी केला नव्हता.

झोक्यावर एक तरुण मुलगी बसली होती. डोळे अर्धवट मिटलेले, ओठांतून एक बारीक, एकसुरी गुणगुण. शेजारच्या बाकावर तिची आई. मी बाटली दाखवून हिंदीत माझं म्हणणं मांडलं. माझी हिंदी ऐकून त्या सरळ मराठीतच म्हणाल्या, "तेल नको गं घालूस. तो आवाज आहे म्हणून तर ती बसते."

मला ऑटिझम असल्याचं निदान आदल्या वर्षी, सव्विसाव्या वर्षी, झालं होतं. तोवर मी हट्टी, तुसडी आणि 'जरा जास्तच हुशार' एवढीच होते. निदानानंतर मी या विषयावरचं मिळेल ते वाचून काढलं होतं आणि माझ्यासारखी माणसं कुठेतरी असतीलच, ती भेटली की सगळं आपोआप जुळेल, असं गृहीत धरलं होतं. पहिली भेटली ती अशी. मला जो आवाज सोसवत नव्हता, तोच तिला हवा होता.

ती बोलत नव्हती. मांडीवर एक टॅबलेट होता, त्यावर एका बोटाने अक्षरं दाबायची. आम्ही दोघी बोलत असताना तिने झोका थांबवला आणि लिहायला घेतलं. बऱ्याच वेळाने टॅबलेटमधून मेट्रोतल्या सूचनांसारखा स्वच्छ बायकी आवाज आला, "एक तरफ़ डालो."

मी एकाच बाजूच्या कडीत तेल सोडलं. करकर अर्धी झाली. तिला ती पुरली, मला ती सोसली. मी जिला पुढे मोठ्या दिमाखात संघटनेची स्थापना म्हणू लागले, ती खरं तर एवढीच होती.

संघटना उभारायची ही कल्पना माझी. मी हवेतले धूलिकण मोजणाऱ्या यंत्रांवर संशोधन करते. शहरात बसवण्याआधी ती सगळी यंत्रं आम्ही एका गच्चीवर शेजारी शेजारी ठेवतो. हवा एकच असते, तरी प्रत्येकाचा आकडा निराळा येतो, कारण एक दमटपणाने बहकतं तर दुसरं उन्हाने. प्रत्येकाची खोड समजून घेतली की त्यातून खरी हवा वाचता येते. मला वाटलं, माणसंही अशीच आणून शेजारी बसवावीत. दिल्लीत आमच्यासाठी बोलणाऱ्या डॉक्टरांची, पालकांची, शाळांची वाण नाही. आमच्या वतीने आम्हीच बोलायला हवं होतं.

पहिल्या सभेला आमच्या हॉलमध्ये चौघं जमलो. मी, झोक्यावरची मुलगी, एका मंत्रालयात अनुवादक असलेले आर. के. पुरमचे काका, आणि गाझियाबादहून येणारी, कानांवर भलेमोठे हेडफोन घालणारी, वास्तुकलेची एक विद्यार्थिनी. मुलीबरोबर तिची आईही होती. त्यांना मी काकू म्हणू लागले होते. काकांना पंख्याचं वारं अंगावर लागायला हवं होतं. विद्यार्थिनीला पंख्याची घरघर चालत नव्हती आणि मुलीची गुणगुण तर त्याहून नाही. शेवटी ती बाल्कनीत जाऊन बसली, काचेचं दार ओढून घेतलं आणि हाताच्या अंतरावरून फोनवरच्या गटात संदेश पाठवू लागली. आई चहा घेऊन आली, बाल्कनीकडे पाहिलं आणि मला आत बोलावून म्हणाली, "अगं, भांडण झालं का?"

"नाही. सभा चालू आहे."

"अच्छा," आई म्हणाली आणि पाचवा कप बाल्कनीत नेऊन दिला.

आमच्यात भांडणं मात्र खरोखरच झाली. गटाचं नाव काय ठेवायचं यावर तर कित्येक सभा खर्ची पडल्या. मी सुचवलेलं 'ऑटिझम असलेल्या व्यक्ती' विद्यार्थिनीने उडवून लावलं. "असलेल्या म्हणजे? मी छत्री विसरते तसा ऑटिझम घरी विसरून येऊ का?" काका म्हणाले, "सरकारी मराठीत स्वमग्न म्हणतात. पण मी स्वतःत मग्न नसतो हो. मी पंख्यात मग्न असतो." मुलीने बराच वेळ लिहून एकच अक्षर पाठवलं, तेही चुकून. अखेर विद्यार्थिनीने फोनवरच्या गटाचं नाव म्हणून फक्त एक पूर्णविराम टाकून दिला. तात्पुरता म्हणून टाकलेला तो पूर्णविराम अजून आहे.

एक नियम मात्र वाद न होता ठरला. पहिल्याच सभेत मी प्रत्येकाला बोलायला सारखा वेळ दिला होता आणि वेळ संपला की मोबाइलची घंटा वाजत होती. समानतेची माझी व्याख्या तेवढीच होती. मुलीची घंटा वाजली तेव्हा तिचा पहिला शब्दही पुरा झाला नव्हता आणि मी सहजपणे पुढच्या मुद्द्याकडे वळले. बाल्कनीतून संदेश आला, "ती अजून लिहिते आहे. तुम्ही पुढे कशा गेलात?" काचेपलीकडून तिला जे दिसत होतं, ते माझ्या शेजारी बसून मला दिसलं नव्हतं. तेव्हापासून कोणी लिहीत असेल तर त्याचं होईपर्यंत कोणीही बोलायचं नाही, असं ठरलं. मी घंटा बंद केली. काका अशा वेळी डोळे मिटून पंख्याखाली बसत. मी आधी चुळबुळ करायचे, पण मग मलाही ती शांतता आवडू लागली. जगात इतरत्र शांतता पडली की कुणाला तरी ती भरून काढावीशी वाटते, आणि बहुतेकदा ते काम माझ्यावर येतं.

काकूंना तेवढं जमत नसे. मुलीने तीन अक्षरं लिहिली की त्या म्हणत, "पाणी हवंय तिला." मुलगी हात झटकून पहिल्यापासून लिहायला लागे.

हिवाळा संपता संपता बागेत पाटी लागली, की झोका फक्त बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. मुलीला पाटी वाचता येत होती. तरी ती बसली. मग काकूंना सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांचा फोन आला, की दोन तक्रारी आल्या आहेत, मुलं घाबरतात, येत्या रविवारच्या जीबीएममध्ये, म्हणजे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, झोक्याला साखळी-कुलूप लावायचा ठराव आहे. मुलांची खेळायची वेळ सोडली तर तो बंदच राहील.

मी त्याच संध्याकाळी काकूंच्या घरी गेले. दारातच रिकामी खोकी रचून ठेवलेली होती. किराणावाल्याकडून आणली होती.

"हे कशाला?"

"कुलूप लागलं तर दुसरीकडे बघावं लागेल ना. बागेत झोका असलेलं घर." त्या भाजी निवडत होत्या. त्यांचे यजमान सरकारी नोकरीत, बदलीवर गुवाहाटीला. "रोहिणीतलं घर सोडलं ते असंच. त्याआधी जनकपुरी. सकाळचा झोका नसला की ती दिवसभर स्वतःचा हात चावते. तू पाहिलं नाहीयेस ते. पाहू नकोस."

मी म्हणाले, "आपण सगळे सभेला जाऊ. आम्ही आहोत ना."

काकूंनी सुरी खाली ठेवली. "एक विचारू? राग नको मानूस. हे 'आम्ही' कोण गं? तू पीएचडी करतेस. उद्या परदेशात जाऊन भाषण देशील. त्या काकांना पेन्शनची नोकरी आहे. डॉक्टरांनी तुमच्यावर आणि हिच्यावर एकच शब्द लिहिला, म्हणून तुम्ही एक झालात? हिला साधी चप्पल उलटी-सुलटी कळत नाही कधी कधी. तुला काय ठाऊक माझ्यानंतर हिचं काय, या विचाराने माझं काय होतं ते."

मला उत्तर द्यायचं होतं. माझ्याकडे नेहमी असतं. त्या दिवशी मी एवढंच म्हणू शकले, "नाही ठाऊक." आणि मग, गप्प राहवेना म्हणून, "पण ट्यूबलाइटचा आवाज तिला जसा ऐकू येतो, तसा मलाही येतो. तुम्हाला येतो?"

त्यांनी वर पाहिलं. खरंच कान देऊन ऐकलं. "नाही बाई," त्या म्हणाल्या. मुलगी आतल्या खोलीतून गुणगुणत होती, त्या ट्यूबच्याच सुरात.

रविवारी कम्युनिटी हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. काका आणि विद्यार्थिनी बाहेरचे म्हणून त्यांना मागे बसायला मिळालं, बोलायचं नाही या अटीवर. आम्ही एकत्र आलो होतो, पण बसलो मात्र चार कोपऱ्यांत. काका पंख्याखाली, विद्यार्थिनी दाराशी, मी पुढे, आणि मुलगी काकूंसह भिंतीला टेकून. हॉलभर नजर फिरवणाऱ्या कुणालाही हा एक गट आहे, अशी शंका आली नसती.

मी तयारी करून गेले होते. मुलगी कोणत्या वेळी येते, तेव्हा बागेत मुलं किती असतात, झोका तिच्यासाठी औषधासारखा का आहे, हे सगळं मी स्वच्छ हिंदीत, न अडखळता मांडलं. लोक ऐकत होते. सेक्रेटरीसाहेब हे वायुदलातून निवृत्त झालेले, सौम्य बोलणारे गृहस्थ, ते म्हणाले, "बेटा, बहुत अच्छा बोलीं आप. बस एक बात. आप गारंटी दे सकती हैं कि किसी बच्चे को कुछ नहीं होगा?"

"नहीं," मी म्हणाले.

इतर कुणीही या जागी 'बिल्कुल, सर' म्हणून बसलं असतं. पण भविष्यातल्या घटनेची हमी कोणी कशी देणार? मी स्पष्टीकरण दिलं, "गारंटी तो मैं अपनी भी नहीं दे सकती." त्याने भर पडली ती संशयातच. मागून कोणीतरी म्हणालं, "लो जी, ख़ुद ही मान गईं."

मी सावरायला गेले. म्हणाले, की मुलं आली की ती नेहमी उतरते.

मागून काकांनी हात वर केला. बोलायचं नाही ही अट त्यांनी शब्दशः मान्य केली होती, पण चुकीचं विधान दुरुस्त न करता सोडणं त्यांच्याच्याने होत नाही. "क्षमा कीजिए. 'हमेशा' ग़लत है. पिछले हफ़्ते हमारी बैठक थी, मैं वहीं था. एक बार नहीं उतरीं."

"दो बार," दारातून विद्यार्थिनी म्हणाली.

इतर संघटना अडचणीत एकमेकांना पाठीशी घालतात. आमच्या लोकांनी अचूकपणाखातर आमचीच बाजू मोकळ्या मनाने पाडली होती. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर दुरुस्ती योग्य होती आणि आकडा दोनच होता.

सेक्रेटरीसाहेबांनी सुस्कारा टाकला. "तो फिर…"

काकू ताडकन उठल्या. "सर, मैं बोलती हूँ. मैं इसकी माँ हूँ." त्या एका दमात सांगू लागल्या. आपण अंधार असतानाच तिला घेऊन येऊ, आपण साखळी धरून उभ्या राहू, कोणी आलं की ओढून उतरवू, म्हणाल ते करू. मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात पुढच्या मुद्द्यांची जुळवाजुळव चालली होती.

"ताई," मागून काकांचा मराठी आवाज आला. "ती लिहिते आहे."

काकूंनी वळून पाहिलं. मुलगी टॅबलेटवर वाकली होती. काकूंचं वाक्य अर्ध्यावर राहिलं आणि त्या खाली बसल्या. मीही तोंड मिटलं.

"हाँ हाँ, वो आराम से लिख लें," सेक्रेटरीसाहेब समजुतीने म्हणाले. "तब तक हम लिफ़्ट वाला मुद्दा ले लेते हैं. आप लोग चाहें तो जा सकते हैं."

"उनका पूरा नहीं हुआ," विद्यार्थिनी म्हणाली. हेडफोनमुळे ती नेहमीच गरजेपेक्षा मोठ्याने बोलते.

"मैडम, आपको तो बोलना भी…"

"उनका पूरा नहीं हुआ," काका पंख्याकडे पाहत म्हणाले.

मग माझ्याकडे पाहिलं गेलं. मी या सोसायटीची सदस्य, सुशिक्षित, समंजस. माझ्याकडून वेगळी अपेक्षा होती. "उनका पूरा नहीं हुआ, सर," मी म्हणाले.

मागचा तो गृहस्थ वैतागला. "अरे भई, पूरा दिन यहीं बैठें क्या?"

"पूरा दिन नहीं लगेगा," काका म्हणाले.

"गारंटी?"

काकांनी विचार केला. "नहीं."

यावर कोणीतरी हसलं, मग पाच-दहा जण हसले, आणि त्या हसण्यानंतर हॉलमधल्या खुर्च्या जरा सैल झाल्या. सेक्रेटरीसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तक्रार करणाऱ्या आजी पहिल्या रांगेत होत्या. त्या आधी घड्याळाकडे पाहत होत्या, मग मुलीच्या बोटाकडे पाहू लागल्या. बोट एका अक्षरावर जायचं, थबकायचं, माघारी यायचं, पुन्हा जायचं. मी अनेक सभांत ते पाहिलं होतं. या लोकांनी पहिल्यांदा पाहिलं असावं. काकूंचे हात मांडीवर घट्ट गुंफलेले होते. मधे एकदा मुलगी अडली, तेव्हा त्यांचे ओठ हलले, पण शब्द बाहेर आला नाही.

मग टॅबलेट बोलला.

"मैं बच्चों को देखकर उतरती हूँ. मेरा शरीर देर से सुनता है. कोई चिल्लाए तो और देर से. उस दिन दो बार चिल्लाए थे. रुकिए. मैं उतर जाऊँगी."

पहिल्या रांगेतल्या आजी शेजारणीला म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात, "चिल्लाई तो मैं ही थी."

सेक्रेटरीसाहेबांनी चष्मा लावला. "इस मुद्दे को अगली मीटिंग के लिए रखते हैं," ते म्हणाले. "तब तक ताला नहीं लगेगा."

बाहेर आल्यावर काकू जिन्यातच थांबल्या. मला वाटलं, त्या 'दो बार'बद्दल बोलतील. त्या म्हणाल्या, "ती झोका घट्ट धरून ठेवायची ना, मला वाटायचं हट्ट करते. मी ओढून काढायचे. अगं, शरीर उशिरा ऐकतं… हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं." मग जराशाने, "सांगायला घेतलंही असेल. मी म्हटलं असेल, पाणी हवंय."

मी त्यांच्याजवळ उभी राहिले. वरच्या पायरीवर काका आणि विद्यार्थिनी, एकमेकांकडे न पाहता, आपापल्या पिशव्या सांभाळत उभे होते. काकूंनी त्यांना हाक मारली, "चला हो, पोहे करते. पंखा लावीन आणि बाल्कनीही आहे."

पुढची मीटिंग झाली. त्यात लिफ्ट होती, पाण्याचे टँकर होते, झोका नव्हता. पाटी अजून तशीच आहे आणि तिच्या शेजारी बसून मुलगी रोज झोके घेते. गेल्या आठवड्यात लॅबला निघताना मी पाहिलं, पहिल्या रांगेतल्या त्या आजी गणवेशातल्या नातीचा हात धरून बागेत उभ्या होत्या. नात ओढ घेत होती. "रुक," आजी म्हणाल्या, "दीदी उतर रही है." दीदीचे पाय जमिनीला लागले, थांबले, मग साखळीवरचा एक हात सुटला, मग दुसरा. काकू बाकावर होत्या. त्यांनी मला पाहून मान हलवली आणि जवळ गेल्यावर म्हणाल्या, "खोकी रद्दीवाल्याला दिली."

मेट्रोच्या फलाटावर उभं राहून मी गटात लिहिलं, "आपण जिंकलो."

काकांचं उत्तर लगेच आलं. "ठराव मंजूरही नाही, नामंजूरही नाही. 'जिंकलो' चूक आहे."

विद्यार्थिनीने लिहिलं, "मग काय झालं म्हणायचं?"

मी उत्तर जुळवू लागले. आम्हाला एकत्र येता येतं का, हा प्रश्न मी एवढे दिवस उराशी धरून होते आणि आता त्याचा काहीतरी नेमका निष्कर्ष माझ्या हाताशी आल्यासारखा वाटत होता. इतक्यात स्क्रीनच्या वरच्या पट्टीवर मुलीच्या नावापुढे उमटलं, 'टाइप करत आहे'.

मी लिहिलेलं पुसून टाकलं. काका आर. के. पुरममधून ऑफिसच्या बसमध्ये चढले असतील. विद्यार्थिनी गाझियाबादच्या कुठल्यातरी वर्गात असेल. कोणीही काही लिहिलं नाही. गाडी आली, दारं उघडली, मिटली आणि निघून गेली. ती अक्षरं वरच्या पट्टीवर होती, जात होती, पुन्हा येत होती. पुढची गाडी यायला अवकाश होता आणि मला घाई नव्हती.